तंबोऱ्याच्या गांवीं

दान करावें तें देश, काल आणि पात्र पाहून करावें, असा आपल्या शास्त्रकारांचा दंडक आहे. भेटवस्तूंच्या बाबतींतही तोच लागू पडतो. परंतु बाजारांत शिरल्यावर आपण काल तेवढा पाहतों, म्हणजे समारंभ उद्यांवर आला आहे एवढेंच पाहतों, आणि पात्राचा विचार मागें राहतो. गाणाऱ्या-वाजविणाऱ्या माणसाच्या वांट्यास ही उपेक्षा विशेष येते. त्याला शाल मिळते, नारळ मिळतो, वीणाधारी सरस्वतीची पितळी मूर्ति मिळते, आणि मानचिन्हें इतकीं मिळतात कीं अखेर भिंत अपुरी पडते. त्याच्या वाद्याची तार मात्र त्यानें स्वतःच विकत आणावयाची असते.

आमच्या घरांत हा प्रश्न गेल्या मार्गशीर्षांत उपस्थित झाला. आमच्या पुतण्याची कन्या 'संगीत विशारद' ही परीक्षा चांगल्या रीतीनें उत्तीर्ण झाली. आम्हां तीन भावांचा संसार अद्याप सातारच्या एकाच वाड्यांत चालतो. तेव्हां सर्वांनीं वर्गणी काढून मुलीस कांहीं द्यावें हें एका बैठकींत ठरलें. काय द्यावें हें मात्र चार बैठकींत ठरेना. सोन्याची सांखळी, रेशमी साडी, चांदीची समई अशा सूचना आल्या. धाकट्या मंडळींनीं विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी सुचविली. आमच्या थोरल्या वहिनी माजघरांत बसून हें सारें ऐकत होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, पोरीला माझा तंबोरा द्या. पण तो अजून बोलतो कीं नाहीं, हें आधीं जाणत्याला दाखवा."

वहिनींचें वय आज 81. त्या लग्न होऊन या घरांत आल्या तेव्हां आम्ही शाळकरी होतों. त्यांच्या माहेरच्यांनीं मिरजेहून मुद्दाम करवून घेतलेला तंबोरा त्यांच्याबरोबर आला होता. पहिलीं कांहीं वर्षें पहांटे त्यांचा सूर ऐकूं येई. पुढें मुलेंबाळें, सासूसासऱ्यांचीं आजारपणें, सणवार आणि पाहुणेरावळे यांच्या गर्दींत तो हळूहळू क्षीण झाला आणि एके दिवशीं थांबला. गाऊं नका असें त्यांना कोणीही म्हटलें नव्हतें; गाण्यासाठीं म्हणून घटकाभर वेळ मात्र कोणी राखून ठेविला नव्हता. तंबोरा गवसणींत शिरला आणि खुंटीवर चढला, तो तेथें पंचेचाळीस वर्षें राहिला.

निघण्यापूर्वीं आम्हीं मुलीच्या गाणें शिकविणाऱ्या बाईंस विचारलें. गायकाला कांहीं द्यावयाचें तर त्याच्या गुरूस आधीं विचारावें, हा पहिला नियम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. बाईंनीं उलट विचारलें, "वहिनी कोणत्या पट्टींत गात असत?" वहिनींनीं तत्काळ उत्तर दिलें, "काळी दोन." मुलीची पट्टी काळी चार. पट्टी म्हणजे गायक ज्या स्वरास आपला षड्ज मानतो तो स्वर. पेटीच्या पट्ट्यांवरून त्याला हीं नांवें पडलीं. पुरुषांची पट्टी बहुधा खालची, बायकांची वरची. त्याप्रमाणें तंबोऱ्याची लांबी, भोपळ्याचा घेर आणि तारांची जाडी हीं सर्व बदलतात. पुरुषी तंबोरा वरच्या पट्टीस ताणला तर तारा तुटतात, आणि बायकी तंबोरा खालच्या पट्टीस उतरविला तर तारा सैल पडून बद्द वाजतात. दुसऱ्याच्या पायाचें माप न घेतां जोडा आणावा, तसाच हा प्रकार होय. बाई म्हणाल्या, "काळी दोनचा तंबोरा तारा बदलून काळी चारला लावतां येईल. पण तें मिरजेस विचारा."

साताऱ्याहून मिरजेस आम्ही आगगाडीनेंच गेलों, कारण भोपळ्यास मोटारीचे धक्के सोसत नाहींत. वहिनींनीं बरोबर येण्याचा हट्ट धरला आणि तंबोरा आपल्या शेजारींच आडवा निजविला. कऱ्हाड मागें पडलें कीं दोहों बाजूंस उंसाचे मळे लागतात. त्या दिवसांत त्यांवर पांढुरके तुरे आलेले असतात. किर्लोस्करवाडीचें स्टेशन आलें तेव्हां वहिनींनीं खिडकींतून डोकावून पाहिलें. 1920 सालीं येथूनच 'किर्लोस्कर खबर' मासिक निघूं लागलें आणि 1930 सालीं 'स्त्री'. वहिनींच्या माहेरीं दोन्ही येत असत. पुढें भिलवडी, सांगली करीत गाडी मिरजेच्या मोठ्या जंक्शनांत शिरते. येथून एक फांटा कोल्हापुरास, एक बेळगांवाकडे आणि एक पंढरपुरावरून कुर्डुवाडीस जातो. या शेवटच्या फांट्याचा आणि तंबोऱ्याचा संबंध पुढें येईल.

मिरज हें गांव दवाखान्यांसाठीं आणि तंतुवाद्यांसाठीं सारखेंच प्रसिद्ध आहे. 1894 सालीं डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनीं येथें रुग्णालय काढलें, आणि तेव्हांपासून दूरदूरचे रोगी या गांवाची वाट धरतात. आमच्या टांगेवाल्याचा नातू आतां रिक्षा चालवितो, त्यानेंही आमच्याकडे पाहून प्रथम "कोणता दवाखाना?" असेंच विचारलें. आमच्याबरोबर रोगी होताच; फक्त तो गवसणींत होता. "सतारमेकर गल्ली" म्हणतांच तो हंसला व रिक्षा वळविली.

ही गल्ली रुंद नाहीं. घराच्या पुढच्या सोप्यांत कारखाना आणि मागें बिऱ्हाड, अशी बहुतेक घरांची रचना. दारांत वाळलेल्या भोपळ्यांची रास, भिंतीस टेकलेल्या उघड्या दांड्या, जमिनीवर लांकडाचा भुसा, आणि हवेंत लाखेच्या रोगणाचा वास. एका घरांत रंधा चालतो, दुसऱ्यांत खुंट्या घासतात, तिसऱ्यांत तबलीच्या कडेस नक्षी बसवितात. मधूनच कोणी तार छेडतो आणि क्षणभर सारी गल्ली सुरांत येते.

या विद्येचा उगम मोठा मनोरंजक आहे. येथील कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांस धार आणि पाणी देणारे. मराठेशाही बुडाली, तरवारींचें काम उरलें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्यांच्यांतील फरीदसाहेब यांनीं तंतुवाद्यें दुरुस्त करण्यास व पुढें स्वतः घडविण्यास आरंभ केला, आणि मिरजेचे संस्थानिक पटवर्धन यांनीं त्यांस आश्रय दिला, असें सांगतात. फरीदसाहेबांच्या वंशजांनीं व शिष्यांनीं ही कला आजवर चालविली आहे. पात्यास धार देणारा हात तारेस स्वर देऊं लागला, हा पालट इतिहासाच्या पुस्तकांत दोन ओळींतही येत नाहीं. परंतु तो झाला नसता तर महाराष्ट्रांतील कित्येक मैफली मुक्याच राहिल्या असत्या.

आश्रयाबरोबर गवईही होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रांत रुजविणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनीं मिरजेंत शिष्य तयार केले. त्यांपैकीं विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं 1901 सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें, आणि 1931 सालीं मिरजेसच देह ठेविला. त्याच वर्षीं त्यांच्या शिष्यांनीं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलें. आमची मुलगी उत्तीर्ण झाली ती याच मंडळाची परीक्षा. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खां हेही मिरजेंतच स्थायिक झाले होते. 1937 सालीं दक्षिणेंत प्रवासांत त्यांचा अंत झाला. त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यांत आहे, आणि उरुसाच्या वेळीं तेथें त्यांच्या स्मरणार्थ गवई हजेरी लावितात. गायक आणि कारागीर एकाच गांवांत राहत असल्यामुळें, सकाळीं केलेल्या कामाचा दोष संध्याकाळीं मैफलींत कळे आणि दुसऱ्या दिवशीं दुरुस्त होई. विद्या वाढते ती अशा शेजारानें.

आम्हीं ज्या कारखान्यांत गेलों तेथील उस्ताद साठीचे होते. त्यांनीं गवसणी सोडण्यापूर्वींच तीन प्रश्न विचारले : "गाणार कोण? पट्टी कोणती? आणि घरांत ठेवणार कोठें?" मग भोपळ्यावर बोटाच्या पेरानें टिचकी मारून कान लाविला. दांडी डोळ्यासमोर धरून, एक डोळा मिटून, ती वांकली आहे काय तें पाहिलें. घोडीवरून अंगठा फिरविला. वहिनी श्वास रोखून पाहत होत्या. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बसलेल्या नातेवाइकांची मुद्रा आम्हांस आठवली.

"आजी," उस्ताद म्हणाले, "भोपळा चांगला जाड सालीचा आहे. दांडी सरळ आहे. गळ्याचा जोड सुटला आहे, खुंट्या सुकल्या आहेत, आणि घोडीवर तारांनीं चरे पाडले आहेत. सगळें होण्यासारखें आहे. मात्र काळी चारला तारा बारीक घालाव्या लागतील. बारा दिवस ठेवा." सांगितलेला खर्च नव्या तंबोऱ्याच्या किंमतीच्या पाव हिश्शाहूनही कमी होता.

मग चहा आला, आणि उस्तादांनीं मुलीस तंबोऱ्याचें शरीरशास्त्र समजावून सांगितलें. हा भोपळा भाजीचा नव्हे. तो कडू असतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे, भीमेच्या कांठच्या शेतांत, तो मुद्दाम पिकवितात आणि वेलीवर पुरता जून झाल्यावर वाळवितात. आगगाडीच्या फांट्याचा संबंध तो हा : एकाच प्रदेशानें वारकऱ्यास वीणा दिली आणि गवयास तंबोरा. दांडी व तबली तुणीच्या लांकडाची असतात, कारण तें हलकें असून नाद चांगला देतें. घोडीसाठीं पूर्वीं हरणाचें शिंग वापरीत. वन्य प्राण्यांच्या रक्षणाचे कायदे झाल्यापासून जनावरांचें हाड, लांकूड किंवा कृत्रिम द्रव्य वापरतात. तारा चार : पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, आणि चवथी पितळेची, खर्जाची. ज्या रागांत पंचम वर्ज्य असतो त्यांत पहिली तार मध्यमास लावितात.

परंतु तंबोऱ्याचा प्राण म्हणजे जवारी. घोडीचा माथा सपाट दिसला तरी सपाट नसतो. त्याला अगदीं किंचित् उतार असतो. कानशीनें तो उतार साधणें म्हणजे जवारी काढणें. तार आणि घोडी यांच्यामध्यें सुताचा एक धागा सरकवून योग्य जागा सांपडली कीं साधी तार गुंजारव करूं लागते, आणि एका स्वरांतून अनेक स्वर उमलतात. घोडीच्या उतारावर तार वारंवार टेकते व सुटते, त्यामुळें हे वरचे स्वर जागे होतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं 1921 सालीं आपल्या तंतुवाद्यांच्या या गुणावर निबंध लिहिला होता. पाश्चात्य शास्त्राच्या नियमाप्रमाणें जे उपस्वर त्या तारेंत उमटूं नयेत, तेही येथें उमटतात, असें त्यांस आढळलें. मिरजेच्या कारागिरांस तो नियम ठाऊक नव्हता. परिणाम मात्र ठाऊक होता.

आम्हीं विजेच्या पेटीविषयीं विचारलें. उस्तादांनीं तिची निंदा केली नाहीं. "प्रवासांत ती बरी. एकट्या माणसाला बरी. पण तंबोरा रोज जुळवावा लागतो, आणि जुळवितांना कान तयार होतो. पेटी जुळलेलीच असते." या एका वाक्यांत आमच्या चार बैठकींचा निकाल लागला.

त्या कारखान्यांत बसल्या बसल्या गिऱ्हाइकें येत-जात होतीं. त्यांच्या मागण्या ऐकून आम्हीं आपल्या टिपणवहींत जें लिहून घेतलें, तें वाचकांच्या उपयोगी पडेल. सतार वाजविणाऱ्यास नखी द्यावयाची तर त्याच्या बोटाचें माप घ्यावें. सैल नखी निसटते, घट्ट नखी रुतते. तारांचा जुडगा कोणासही उपयोगी पडतो, परंतु कोणत्या जाडीच्या तारा लागतात हें आधीं विचारावें. तबलजीस चांगली हातोडी, बसक्या चुंबळी, आणि वाद्यें घालण्यास जाड अस्तराची पिशवी द्यावी. सारंगी किंवा व्हायोलिन वाजविणाऱ्यास राळ नेहमींच हवी असते. बांसरी द्यावयाची तर सुरांत आहे कीं नाहीं तें वाजवूनच घ्यावी, आणि शक्य तर वाजविणाऱ्यानेंच ती निवडावी. पेटीवाल्यास नवी पेटी देण्यापेक्षां जुन्या पेटीचा भाता व सूर दुरुस्त करून देणें पुष्कळदां अधिक उपकारक ठरतें. सर्वांस उपयोगी अशी वस्तु म्हणजे नीट शिवलेली गवसणी. या सर्व वस्तु दिसण्यांत सामान्य आहेत. परंतु वाद्य हातांत घेतांना रोज देणाऱ्याची आठवण होते ती याच वस्तूंनीं.

बारा दिवसांनीं आम्ही पुन्हा मिरजेस गेलों. या खेपेस मुलीचें जाणें अवश्य होतें, कारण जवारी खुली ठेवावी कीं बंद, हें गाणाऱ्याच्या कानानें ठरवावयाचें असतें. उस्ताद दोन हात कानस मारीत, तारा चढवीत आणि विचारीत, "आतां?" मुलगी डोळे मिटून ऐके आणि मान हलवी. असें सात-आठ वेळां झालें. अखेरीस तिनें "हाच" म्हटलें. मग उस्तादांनीं तंबोरा तिच्या हातीं न देतां वहिनींच्या मांडीवर ठेविला.

वहिनींच्या बोटांस आतां संधिवात आहे. तरी त्यांचा डावा हात बरोबर खुंटीवर गेला. जोडाच्या तारा त्यांनीं एकमेकींशीं मिळविल्या. उरलेला केसाएवढा फरक घोडीखालचे मणी सरकवून काढून टाकला. खर्ज लाविला. सारी गल्ली आपापल्या कामांत होती, परंतु त्या सोप्यांत कोणी बोललें नाहीं. वहिनी गाइल्या नाहींत. पांचएक मिनिटें त्यांनीं तारा छेडल्या, आणि तंबोरा मुलीकडे सरकवून म्हणाल्या, "घे. जुळला आहे."

परतीच्या गाडींत मुलीनें विचारलें, "मोठी आजी, तू सोडलंस का गं?" वहिनी बराच वेळ बाहेर पाहत होत्या. मग म्हणाल्या, "सोडलं नाहीं. घरांत मला सगळं दिलंन् सगळ्यांनीं. तास तेवढा राहून गेला."

या उत्तराची वाड्यांत पुष्कळ चर्चा झाली. मुलगी एका पेढीवर नोकरीस आहे. पहांटे पाणी भरणें, डबे करणें यांत तिचीही पाळी असते. वहिनींचें म्हणणें असें कीं, तंबोरा दुरुस्त झाला ही भेट अर्धी झाली. उरलेली अर्धी घरानें द्यावयाची. त्याप्रमाणें सकाळीं साडेपांचपासून साडेसहापर्यंत पुढची खोली मुलीची, असें ठरलें. तेवढ्या वेळांत दूरदर्शन बंद, हांका मारणें बंद. पाणी भरण्याची तिची पाळी तिच्या भावानें घेतली, डब्यांची तिच्या काकूनें. वर्गणींतून जे रुपये उरले, त्यांतून एक जाड गवसणी व तारांचे दोन जुडगे घेतले, आणि दरवर्षीं जवारी काढून आणण्यासाठीं शिल्लक वेगळी ठेविली. सोन्याची सांखळी सुचविणाऱ्या आमच्या धाकट्या बंधूंनीं प्रथम नाक मुरडलें होतें. हल्लीं साडेपांचास पुढच्या खोलीचें दार तेच लावून घेतात.

मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास 2024 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्यामुळें मिरजेचें नांव दुसऱ्या कोणास आपल्या मालावर घालतां येणार नाहीं, ही चांगली गोष्ट झाली. परंतु मानांकनानें कारागिराचें पोट भरत नाहीं. तें वाद्य वाजलें म्हणजे भरतें. तंबोरा वाजला म्हणजे तारा झिजतात, घोडी झिजते, आणि त्याला पुन्हा मिरजेची वाट धरावी लागते. खुंटीवर टांगलेल्या तंबोऱ्याचा उपयोग ना गायकास, ना कारागिरास.

ज्यांच्या घरीं असा एखादा तंबोरा, सतार किंवा पेटी गवसणींत पडून असेल, त्यांनीं समारंभाची वाट न पाहतां ती एकदां खालीं काढावी. तारा सैल करून धूळ पुसावी, कीड लागली आहे काय तें पाहावें, आणि जाणत्यास दाखवावें. मग घरांत गाणारें कोण आहे याचा शोध घ्यावा. तें बहुधा स्वयंपाकघरांत किंवा पाटपाण्याच्या गडबडींत सांपडेल. त्याला विचारावें कीं तुझी पट्टी कोणती, आणि तुला वेळ कोणता सोईचा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर कारागिराकडे घेऊन जावें. दुसऱ्याचें उत्तर घरांतल्या सर्वांस सांगावें.